उपचारांबाबत मनाची द्विधा असलेल्या माणसाशी कसे बोलावे?

प्रश्न एका बहिणीचा आहे. तिचा चाळिशीतला थोरला भाऊ गेली काही वर्षे रोज संध्याकाळी दारू पितो. अलीकडे त्याची झोप उडाली आहे आणि तो उदास असतो. रात्री उशिरा कधीतरी तो ‘मला यातून बाहेर पडायचंय’ असे म्हणतो आणि सकाळी ‘मला काही झालेलं नाही’ म्हणून विषय बंद करतो. व्यसनमुक्ती केंद्राने ‘त्याची स्वतःची इच्छा होईल तेव्हा घेऊन या’ असे सांगितले आहे, तर एका परिचिताने प्रेरणात्मक समुपदेशन सुचवले आहे. ज्याची तयारीच नाही त्याला समुपदेशनाचा काय उपयोग आणि तोपर्यंत घरच्यांनी काय करावे, असे तिने विचारले आहे.

आपण केलेल्या वर्णनावरून आपल्या भावाची तयारी नाही, असे मला म्हणता येणार नाही. त्याचे रात्रीचे वाक्य खरे आणि सकाळचे खोटे, किंवा याच्या उलट, असे धरून चालण्याची घरच्यांना सवय लागते. माझ्या अनुभवात ही दोन्ही वाक्ये बहुधा मनापासूनची असतात. दारूने त्याचे काही हिरावून घेतले आहे हे त्याला कळते, आणि ती त्याला काही देते हेही त्याला ठाऊक असते. उपचार म्हणजे हे दुसरे सोडून देणे, शिवाय आपण हरलो अशी चारचौघांत कबुली देणे, असा त्याचा समज असेल तर तो एक पाऊल पुढे आणि एक मागे टाकत राहील, यात नवल काही नाही. ‘इच्छा होईल तेव्हा आणा’ हा सल्ला देणाऱ्यांच्या मनात वाईट काही नसते. पण इच्छा ही माणसाच्या आत आपोआप पिकून तयार होणारी गोष्ट आहे, असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात ती बोलण्यातून घडते, वाढते आणि चुकीच्या बोलण्याने मावळतेही. प्रेरणात्मक समुपदेशनाची सगळी उभारणी या एका निरीक्षणावर झालेली आहे, आणि ते मुळात आपल्या भावासारख्या माणसांसाठीच आहे.

या पद्धतीची पहिली मांडणी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी 1983 मध्ये, दारूची समस्या असलेल्यांवरील उपचारांच्या संदर्भात केली. नॉर्वेतील तरुण मानसशास्त्रज्ञांशी आपल्या कामाविषयी चर्चा करताना, आपण रुग्णाशी नेमके काय आणि का बोलतो हे त्यांना शब्दांत मांडावे लागले, आणि त्यातून तो लेख तयार झाला. पुढे स्टीफन रोलनिक त्यांना येऊन मिळाले आणि 1991 मध्ये दोघांचे पहिले सविस्तर पुस्तक प्रसिद्ध झाले. त्या काळी व्यसनी माणूस म्हटला की तो नाकारणारच, खोटे बोलणारच, आणि त्याचा हा नकार मोडून काढणे हेच समुपदेशकाचे काम, अशी सर्वसाधारण समजूत होती. मिलर यांचे म्हणणे असे की, नकार हा व्यसनी माणसाचा स्वभावधर्म नाही; समोरचा कसा बोलतो त्यावर तो वाढतो किंवा कमी होतो. 1993 मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे तपासून पाहिले. दारूची समस्या असलेल्या व्यक्तींपैकी कोणाशी वादाच्या आणि कोणाशी ऐकून घेण्याच्या शैलीत बोलायचे हे यदृच्छेने ठरवण्यात आले. वादाच्या शैलीत प्रतिकार स्पष्टपणे जास्त दिसला, आणि त्या एका भेटीत समुपदेशकाने जितके जास्त खोडून काढले, जाब विचारला, तितके त्या व्यक्तीचे पिणे वर्षभरानंतर जास्त आढळले.

याचे कारण समजण्यासारखे आहे. ज्याच्या मनात दोन्ही बाजू आहेत त्याच्यासमोर आपण एक बाजू जोराने मांडली की दुसरी बाजू मांडण्याचे काम त्याच्याकडे जाते. ‘दारू सोड, लिव्हर खराब होईल’ असे आपण म्हटले की ‘माझे सगळे रिपोर्ट चांगले आहेत’ हे त्याला म्हणावेच लागते. पंधरा मिनिटांच्या अशा वादात तो दारूच्या बाजूने पंधरा मिनिटे वकिली करतो, आणि माणसाचा स्वतःच्या तोंडून ऐकलेल्या युक्तिवादावर इतरांच्या युक्तिवादापेक्षा अधिक विश्वास बसतो. त्यातच, आपल्या निर्णयाचे स्वातंत्र्य काढून घेतले जात आहे असे वाटले की तेच स्वातंत्र्य ठासून बजावण्याची ऊर्मी प्रत्येकात असते. जॅक ब्रेम या मानसशास्त्रज्ञाने 1966 मध्ये तिचा सिद्धान्तच मांडला. म्हणजे घरातला वाद कोणीही जिंकले तरी निष्पन्न तेच होते.

प्रत्यक्ष भेटीत काय घडते, ते एका काल्पनिक संवादावरून स्पष्ट होईल. समुपदेशक विचारतो, “संध्याकाळच्या पिण्याचा तुम्हाला उपयोग काय होतो?” हा प्रश्न अनेकांना चमत्कारिक वाटतो, कारण तो त्यांना कोणी कधी विचारलेला नसतो. उत्तर येते, “डोकं शांत होतं. दिवसभराची कटकट मागे पडते. निदान डोळा तरी लागतो.” समुपदेशक म्हणतो, “म्हणजे दिवसभरात डोकं गप्प बसतं असा तेवढाच एक वेळ आहे.” “हो. पण तीनला जाग येते, छातीत धडधडतं, मग झोप नाही. सकाळी कोणाशी बोलावंसं वाटत नाही.” “झोप यावी म्हणून घेता, आणि तीच झोप तीन वाजता मोडते.” “तेच ना. मुलगी तर आता माझ्या खोलीत येतच नाही.”

इथे संवादाला फाटा फुटतो. नवशिक्या समुपदेशकाला, आणि घरातल्या प्रत्येकालाच, या ठिकाणी ‘बघा, तुम्हालाच कळतंय, मग सोडून का देत नाही?’ असे म्हणण्याचा मोह होतो. तसे म्हटले की पुढचे वाक्य ठरलेले असते: ‘तेवढी काही मी पीत नाही.’ अनुभवी समुपदेशक म्हणतो, “तिचं येणं बंद झालं, हे तुम्हाला लागलंय,” आणि थांबतो. मग त्या शांततेत जे बोलले जाते ते त्या माणसाचे स्वतःचे असते. आपण लक्षात घ्यावे की समुपदेशकाने दारूविषयी एकही माहिती दिलेली नाही, इशारा दिलेला नाही, तरीही पिण्याचे दोन तोटे बोलले गेले आहेत आणि ते दोन्ही पिणाऱ्याने स्वतः सांगितले आहेत. दारू झोप लवकर आणते पण रात्रीच्या उत्तरार्धातली झोप विस्कटून टाकते, ही वैद्यकीय माहिती पुढे द्यायची असेल तर ती “याविषयी थोडं सांगू का?” असे विचारून द्यायची आणि “हे तुमच्या बाबतीत कितपत लागू पडतं?” असे विचारून त्याच्याच हाती सोपवायची.

आणखी एक साधन आपल्या कानावर येईल, ते म्हणजे शून्य ते दहाची पट्टी. “पिणे बदलणे तुम्हाला किती महत्त्वाचे वाटते?” याला कोणी ‘पाच’ म्हटले, तर “पाचच का, आठ का नाही?” असे विचारणे ही सहज होणारी चूक आहे, कारण त्याच्या उत्तरात न बदलण्याची कारणे येतात. “पाच का, दोन का नाही?” असे विचारले की बदलाची कारणे येतात. हे शब्दांचे चातुर्य वाटेल, परंतु फरक खरोखर पडतो. याच पट्टीवर “ठरवले तर जमेल, याची खात्री किती?” हा दुसरा प्रश्न विचारणे मला पहिल्याइतकेच आवश्यक वाटते. महत्त्व आठ आणि खात्री दोन, असे सांगणारी माणसे मला फार भेटतात. यांना घरचे लोक ‘इच्छाच नाही’ म्हणून मोडीत काढतात. वास्तविक त्यांना पटवण्यासारखे काही शिल्लकच नसते. आधीचे दोन-तीन प्रयत्न फसल्यामुळे ती खचलेली असतात आणि पुन्हा तोंडघशी पडण्यापेक्षा ‘मला सोडायचीच नाही’ असे म्हणणे त्यांना अधिक सन्मानाचे वाटते. त्यांच्याशी आधीच्या प्रयत्नात जे थोडेफार जमले होते त्याविषयी आणि औषधोपचारांच्या मदतीविषयी बोलावे लागते. दारूच्या धोक्यांवरचे आणखी एक व्याख्यान त्यांना अधिकच खाली ढकलते.

फायदे-तोट्यांचा तक्ता करायला सांगणे ही फार लोकप्रिय युक्ती आहे, आणि तिच्याबाबत मी सावध आहे. एका बाजूला पिण्याचे फायदे, दुसऱ्या बाजूला तोटे, दोन्ही सारख्याच बारकाईने भरून घेतले की ज्याचा निर्णय अजून झालेला नाही त्याची द्विधा तशीच राहते, किंबहुना बदलाविषयीची बांधिलकी कमी होते, असे मिलर आणि गॅरी रोझ यांनी 2015 मध्ये उपलब्ध संशोधनाच्या आढाव्यातून दाखवून दिले. दारूचे फायदे ऐकून घ्यावेत, ते प्रामाणिकपणे समजून घ्यावेत, पण त्यांची यादी वाढवत नेऊ नये. बोलण्यात ‘मला हवंय’, ‘मला जमेल’, ‘कारण असं आहे की’, ‘आता बदलायलाच हवं’ यांपैकी काही डोकावले, की तिथे थांबून अधिक विचारणे, हीच या पद्धतीतली खरी कारागिरी आहे. 2003 मध्ये भाषाशास्त्रीय अंगाने केलेल्या एका अभ्यासात असे दिसले की भेटीच्या ओघात, विशेषतः तिच्या अखेरीस, बांधिलकीचे शब्द बळकट होत गेले तर पुढे अमली पदार्थांपासून दूर राहण्याची शक्यता वाढते. ‘बघू’ आणि ‘सोमवारी फोन करतो’ यांत ऐकणाऱ्याने फरक करायला हवा, तो यासाठी.

हे सारे म्हणजे गोड बोलून माणसाला वळवण्याची क्लृप्ती आहे का, अशी शंका मला अनेकदा विचारली जाते. ती रास्त आहे. माझ्या मते कसोटी एकच: त्या माणसाने शेवटी ‘नाही’ म्हटले तर ते ‘नाही’ समुपदेशकाला पेलते का. पेलत नसेल तर ती क्लृप्तीच होय. बदलाचे वजन समुपदेशकाने आपल्या मनात धरलेले असते, हे तो लपवत नाही. पण निर्णय रुग्णाचा असतो, ही केवळ सभ्यतेची भाषा नसून वस्तुस्थिती आहे. पुष्कळदा माणूस ‘सोडणार नाही, कमी करून बघतो’ इथवर येतो. यावर व्यवसायातच मतभेद आहेत. शरीराला दारूची सवय जडली असेल तर कमी करण्याचा बेत सहसा टिकत नाही, हे मी त्याला सांगतो, आणि तरीही त्याचा बेत मान्य करून पुढची भेट ठरवतो. बेत फसला तर तो ते सांगायला परत येतो, आणि त्या वेळी पूर्ण बंद करण्याविषयीचे बोलणे त्याने काढलेले असते.

परिणामांबाबत अवाजवी अपेक्षा ठेवू नये. अमेरिकेत दारूवरील उपचारांची एक फार मोठी तुलना झाली, तिचे प्रमुख निष्कर्ष 1997 मध्ये आले. 1,726 व्यक्तींना तीन उपचारपद्धतींत विभागले होते. बारा आठवड्यांत दोन पद्धतींच्या बारा-बारा भेटी होत्या आणि प्रेरणात्मक समुपदेशनावर आधारलेल्या पद्धतीच्या फक्त चार. तिन्हींचे परिणाम साधारण सारखे निघाले. चार भेटींच्या मानाने हे लक्षणीय आहे. पण ही माणसे उपचारांच्या दारापर्यंत आलेली होती, हेही विसरू नये. अनेक अभ्यास एकत्र केले की या पद्धतीचा परिणाम लहान ते मध्यम आढळतो, आणि समुपदेशकागणिक तो बराच बदलतो. दोन दिवसांची कार्यशाळा करून हे कौशल्य येत नाही. स्वतःच्या भेटी ध्वनिमुद्रित करून त्या जाणकाराला ऐकवाव्या लागतात. समुपदेशक निवडताना आपण भावाला एवढेच विचारावे की भेटीत जास्त कोण बोलले. उत्तर ‘ते’ असे आले, तर दुसरा समुपदेशक पाहावा.

उदासीचा मुद्दा स्वतंत्र आहे, कारण तिथली द्विधा वेगळ्या जातीची असते. दारू पिणाऱ्याला गमावण्याची भीती असते, तर नैराश्यातल्या माणसाला ‘कशाचाही उपयोग होणार नाही’ असे वाटत असते, आणि हे वाटणे आजाराचेच लक्षण असते. त्याच्याकडून उत्साहाची वाट पाहण्यात अर्थ नाही. एकच भेट, एकच फोन, एवढ्या लहान पावलावर बोलावे. गोळ्यांची सवय लागेल ही भीती जवळजवळ प्रत्येकाला असते. नैराश्यावरच्या औषधांची दारूसारखी तलफ लागत नाही, मात्र ती एकदम थांबवल्यास त्रास होऊ शकतो आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी लागतात. परिणाम दिसायला काही आठवडे जातात आणि दुष्परिणाम आधी जाणवतात. हे आधी न सांगितल्यामुळे पुष्कळ जण दहाव्या दिवशी औषध सोडतात. दारू स्वतःही उदासी आणते, आणि ती बंद झाल्यावर काही आठवड्यांत अनेकांचे मन बरेच हलके होते. ज्यांचे होत नाही त्यांच्या नैराश्याचा वेगळा उपचार करावा लागतो. कोणते आधी हा वाद घालत बसण्यापेक्षा दोन्हींचा विचार करणारा मनोविकारतज्ज्ञ गाठणे बरे. भास, संशय किंवा अतिउत्साहाचा झटका असेल तर माणसाला आपण आजारी आहोत हे अनेकदा खरोखरच उमगत नाही. तिथे आजार सिद्ध करण्याच्या भरीस न पडता झोप, भीती, घरातला ताण अशा त्याला मान्य असलेल्या त्रासावर मदत देऊ करावी.

काही प्रसंगी मात्र ही पद्धत बाजूला ठेवावी लागते. आत्महत्येचे विचार आहेत का, हे त्याला स्पष्ट शब्दांत विचारावे; विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो हा समज चुकीचा आहे. होकार आला तर त्याला एकटे न सोडता त्याच दिवशी वैद्यकीय मदत घ्यावी. दुसरा धोका घरच्यांना सहसा माहीत नसतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकाएकी बंद केली तर काही तासांतच हात थरथरणे, घाम, अस्वस्थता सुरू होऊ शकते, फिट बहुधा पहिल्या दोन दिवसांत येते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, भास, बडबड अशी अवस्था ओढवू शकते, जी जिवावर बेतते. म्हणून बाटल्या ओतून देणे, खोलीत कोंडणे असले उपाय करू नयेत, आणि त्याने स्वतःहून ‘आजपासून बंद’ असे जाहीर केले तरी आनंदाच्या भरात डॉक्टरांना विसरू नये. सकाळी उठल्यावर हात थरथरतात का, पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली होती का, हे आधीच माहीत करून घ्यावे.

आता घरच्यांविषयी. ज्यांचा माणूस उपचाराला येत नाही अशा कुटुंबीयांसाठी रॉबर्ट मेयर्स यांनी एक प्रशिक्षण विकसित केले. त्याची 1999 मध्ये 130 कुटुंबीयांवर चाचणी झाली. हे प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी 64 टक्के कुटुंबीयांचा माणूस उपचाराला आला. सगळ्यांनी मिळून अचानक घेराव घालून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण 30 टक्के होते, आणि कुटुंबीयांना स्वमदत गटाकडे वळवण्याच्या पद्धतीत 13 टक्के. घेरावाचा आकडा कमी पडण्याचे मुख्य कारण असे की बहुसंख्य कुटुंबे तो प्रसंग घडवूनच आणू शकली नाहीत. त्यांना मी दोष देणार नाही.

या प्रशिक्षणातले जे आपल्याला लगेच करता येईल ते असे. तो प्यायलेला असताना काहीही ठरवू नये. रात्री बोललेले सकाळी पुराव्यासारखे समोर ठेवू नये. ‘काल तूच म्हणालास ना’ या वाक्याने रात्रीचे दारही बंद होते. ज्या संध्याकाळी तो प्यायलेला नसेल त्या संध्याकाळी त्याच्याबरोबर बसावे, त्याला आवडणारे काही करावे, आणि एरवी पिताना समोर बसून राहू नये. त्याच्या वतीने कामाच्या ठिकाणी खोटे निरोप देणे, उधारी भागवणे हे शांतपणे, आधी सांगून, थांबवावे. पण मारहाण होत असेल किंवा होण्याची भीती असेल तर आधी स्वतःची आणि घरातल्या मुलांची सुरक्षितता पाहावी. बोलताना स्वतःविषयीचे एक वाक्य पुरे: “दादा, तू रात्री जागा असतोस ते मला कळतं, आणि काळजी वाटते. तू यातून कसा मार्ग काढायचं म्हणतोयस, ते मला ऐकायचंय.” उत्तर तुटक आले तरी तिथेच थांबावे. आपण बहीण आहात; समुपदेशकाची तंत्रे त्याच्यावर चालवू लागलात तर ते त्याच्या लगेच लक्षात येईल.

त्याने होकार दिला तर तो होकार फार काळ टिकत नाही, काही वेळा दुसऱ्या सकाळपर्यंतही नाही. म्हणून कोणत्या डॉक्टरांकडे जायचे, पहिल्या भेटीत काय विचारतात, दाखल व्हावेच लागते का, याची चौकशी आजच करून ठेवावी. भेट त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळेल अशी व्यवस्था असावी. आणि ही चौकशी करताना, तो येत नसला तरी फक्त घरच्यांना भेट देता का, हे विचारावे. जे ‘हो’ म्हणतील त्यांच्याकडे पहिल्यांदा आपण एकट्या जा.